हो-वाले उजवीकडे, नाही-वाले डावीकडे

प्रिय डेला,

हात तीनदा धुतलेत, तरी कागदाला वास आला तर नाक मुरडू नकोस. गेले दहा आठवडे मी कत्तलखान्यात कामाला आहे. गाव सांगत नाही, सांगण्यासारखं काही नाहीच; इथं सगळं इतकं सपाट आहे की उद्या येणारा पाहुणा आजच दिसतो. आज रविवार, दुपारची वेळ. कपडे धुवायच्या दुकानात बसून लिहितोय. माझे दोन जोड मशिनात गरगरताहेत, काचेमागचं पाणी गुलाबी झालंय, आणि शेजारी बसलेली बाई आपल्या लेकराला उचलून लांबच्या बाकावर जाऊन बसली. तिचंही बरोबरच आहे म्हणा.

ऑरिनच्या खटल्याची तारीख नऊ मार्चला लागली, हे मला गसकडून कळलं. गस लिंडाल, आपल्याकडचा ट्रकवाला, पंधरा दिवसांनी गुरं उतरवायला इथं येतो. मला बघून आधी दचकला, मग एक शिवी घातली, मग मिठी मारली. म्हणाला, "तू जिवंत आहेस होय! तुझी बहीण तुला खड्ड्यात पडला असं समजतेय." मग म्हणाला, सरकारी वकील दहा वर्षं मागतोय, ऑरिनला जो फुकटचा वकील दिलाय तो म्हणतो, गुन्हा कबूल कर, आठ वर्षांवर भागेल. आणि तू दर बुधवारी तुरुंगात जाऊन काचेपलीकडून नवऱ्याशी बोलतेस आणि तो मान वर करत नाही. एवढं सांगून गसनं गुरांना उतरवायची काठी उचलली. मी त्या काठीकडं बघत राहिलो.

मंगळवारी एक बैल नीट पडला नाही. आमच्याकडं कपाळावर खिळ्याची बंदूक टेकवतात, एक ठाप, की हजार किलोचं जनावर गुडघ्यावर. हा पडला आणि साखळीला उलटा टांगल्यावर शुद्धीवर आला. डेला, मागचा पाय त्यानं असा झाडला की रमिरोचा जबडा दाराच्या फळीसारखा एका बाजूला निखळला. रमिरो माझ्या शेजारी उभा असतो, चांगला माणूस, सारखा आपल्या लेकीचं नाचणं मोबाइलवर दाखवतो. सगळे ओरडत होते, "काप! अरे काप ना!" सुरी माझ्या हातात होती. मी कापलं नाही. उभाच राहिलो. कारण तो जबड्याचा आवाज मी आधी ऐकला होता, आपल्या शाळेच्या जिममध्ये, आणि तेव्हाही मी असाच उभा होतो, हातात काही तरी धरून. शेवटी फोरमननं मला ढकलून सुरी घेतली. "झोपलास काय, सुंदरी?" म्हणाला. त्या दिवसापासून सगळे मला सुंदरी म्हणतात.

कुठं होतो? हां, काठी.

ऑरिनच्या त्या काठीबद्दल कोर्टात सांगणार, की तो हत्यार घेऊन सभेला आला. ती काठी व्हर्ल स्टबनंच करून दिली होती, हे ते सांगणार नाहीत. तुला आठवतंय, तू दाराशी उभी होतीस. झाडाखाली ऑरिनचा पाय चिरडला त्याला चार महिने झाले होते. व्हर्लनं आपल्या कुऱ्हाडीचा जुना दांडा तासून, मुठीला हरणाचं कातडं शिवून आणलं आणि म्हणाला, "घे लंगड्या. तुटली तर नवी मिळणार नाही, माझ्याकडं कुऱ्हाड एकच होती." अकरा वर्षं दोघांनी जोडीनं झाडं पाडली. एकानं 'आलं!' म्हणून हाक द्यायची आणि दुसऱ्यानं न बघता बाजूला उडी मारायची, असा त्यांचा धंदा. त्या दिवशी ऑरिनची उडी अर्धी पडली. व्हर्लनं त्याला पाठीवर घेऊन बर्फातून चार मैल आणलं, रस्ताभर त्याला शिव्या देत, म्हणजे झोप लागू नये.

मग ती बरणी आली. पेट्रोल पंपाच्या गल्ल्याजवळ, झाकणाला पैसे टाकायला चीर पाडलेली काचेची बरणी आणि वर ऑरिनचा लग्नातला फोटो. कोणाला कर्करोग झाला, कोणाचं पोर भाजलं, की आपल्याकडं बरणी येतेच. मलाही लहानपणी बरणीतल्या फोटोंवरूनच गावातली माणसं कळायची. पण ऑरिननं तो फोटो बघितला आणि त्या दिवसापासून तो पंपावर गेला नाही. पलीकडच्या गावातून पेट्रोल आणायचा, बावीस मैलांवरून. तो कोणाचं घेत नाही, देतो. माझ्या बाबतीत तर त्यानं तुझ्या-माझ्या बापाची दोन बोटं मोडली होती. तू तेव्हा नोकरीवर होतीस. म्हातारा मला गोठ्यात लगामाच्या पट्ट्यानं फोडत होता, बकल माझ्या कानात रुतलं होतं. ऑरिन आला, बापाचा हात धरला आणि वाळकी काटकी मोडावी तशी बोटं मोडली. मग माझ्या कानाला बर्फ लावला. मी चौदाचा होतो. त्यानंतर त्यानं कोणावर हात उगारलेला मी पाहिला नाही, ऑक्टोबरपर्यंत.

आता ऑक्टोबर. तुला वाटतं ते सगळं तुला माहीत आहे, पण तू त्या दिवशी दवाखान्यात कामावर होतीस. तुझ्याकडं माणसं आली ती फुटल्यावर. आधीचं मी सांगतो.

मी महिनाभर घरी येऊन टेकलो होतो आणि खानावळीत भांडी घासत होतो. राजधानीतून मिसेस हॉल्क्विस्ट नावाच्या बाई आल्या, राज्याच्या विमा खात्याच्या. करड्या केसांच्या, पायांत चिखलाचे बूट, गाडीत मागं कार्डांची खोकी. अंडी खाता खाता त्यांनी मला समजावलं. वॉशिंग्टननं, म्हणजे केंद्र सरकारनं, कायदा केलाय, की प्रत्येक राज्यात आजारपणाच्या विम्याचा बाजार मांडायचा. एका फळीवर सगळ्या कंपन्या, माणसानं बघून निवडायचं, ऐपत नसेल त्याला मदत. राज्यानं मांडला नाही तर वॉशिंग्टन येऊन मांडणार. आणि राज्याला स्वतःचा मांडायचा असेल तर आराखडा करून मंजुरी कोणाकडून आणायची? तर वॉशिंग्टनकडूनच. मी हसलो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आराखड्यात एक पान असतं, गावोगाव लोकांना विचारलं की नाही याचं. ते पान कोरं गेलं तर बाकीची आठशे पानं चुलीत. मला आज संध्याकाळी मदतीला एक माणूस हवाय. लिहिता-वाचता येतं ना तुला?" मी म्हणालो, "येतं की, बाई." दहावीत शाळा सोडलेल्या माणसाला हा प्रश्न कधीच विचारू नये.

त्यांना वाटलं तीस माणसं येतील. दोनशे आली. जिमच्या बाहेर पिकअपची रांग पार पुलापर्यंत. दारात डेप्युटी शेरीफ उभा राहून ओरडत होता, "बंदुका गाडीत ठेवा रे, चर्चा आहे, शिकार नाही!" चर्चच्या बायकांनी हकलबेरीच्या गोड जांभळ्या पाय-केकांचं टेबल मांडलं होतं. आणि सगळा गाव एकाच मताचा होता, डेला, हे ध्यानात ठेव. वॉर्शिंग्टनला कोणी धूप घालत नव्हतं. (बाई प्रत्येक वेळी 'वॉशिंग्टन' म्हणून आमचा उच्चार सुधारत होत्या, आणि प्रत्येक वेळी मागून कोणी तरी 'वॉर्श!' ओरडायचं.) भांडण होतं ते एवढंच, की वॉर्शिंग्टनला लांब ठेवायचं कसं. काही म्हणत, आपणच बाजार मांडू, म्हणजे ते येणार नाहीत. काही म्हणत, आपण मांडला म्हणजे त्यांचंच ताट वाढलं. ऑरिन पहिल्यांतला. व्हर्लही पहिल्यांतला. हे मला माहीत होतं, कारण आदल्या आठवड्यात तुझ्याच ओट्यावर दोघं बिअर पीत तेच बोलत होते. व्हर्ल म्हणत होता, "आपली बरणी आपल्या पंपावर." आणि ऑरिन चक्क हसला होता.

दोघं उशिरा आले, दोन वेगवेगळ्या गाड्यांतून, वेगवेगळ्या दारांनी. मी दोघांना कार्डं दिली. मागं टेकून, गुडघ्यावर ठेवून दोघांनी भरली. बाईंनी कार्डं गोळा केली आणि गर्दी आवरेना म्हणून त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं माणसं लावली: माइकवरून नावं वाचायची, कार्डावर 'हो' लिहिणारे उजव्या भिंतीला, 'नाही' लिहिणारे डाव्या, मग आळीपाळीनं तीन-तीन मिनिटं. दुसऱ्या गावांत हे सुरळीत झालं होतं म्हणे. "स्टब, व्हर्ल. हो. उजवीकडे." व्हर्ल गेला. "क्रेग, ऑरिन. नाही. डावीकडे." ऑरिन काठी टेकत गेला, वळला, आणि समोरच्या भिंतीला व्हर्ल.

मी आधी ऑरिनचं तोंड बघितलं. झाड भलत्याच बाजूला कलू लागलं की पाडणाऱ्याचं होतं तसं. म्हणाला, "अरे, तिकडं कुठं?" व्हर्ल म्हणाला, "मी? तूच तिकडं कुठं?" लोक हसले. कोणी तरी म्हणालं, "नवरा-बायकोचं बिनसलं वाटतं!" तोवर दोन्ही भिंती ओरडायला लागल्या होत्या, आणि दोन्ही भिंती एकच ओरडत होत्या: "वॉर्शिंग्टन चालतं व्हा!" दोन्हीकडच्या लोकांना वाटलं, समोरचे आपल्याला वेडावताहेत. ऑरिन म्हणाला, "व्हर्ल, किती मिळाले रे विकायचे?" व्हर्ल भिंत सोडून मधे आला. "लंगड्या, सांभाळून बोल. तुला पाठीवर आणलं तेव्हा विचारलं होतं का किती मिळतील?" आणि मग तो बोलला ते. "बरणीत सगळ्यांत मोठी नोट माझी होती. ती खाऊन तू तिकडं उभा राहिलास."

त्यांच्यापासून चार हातांवर माझं टेबल होतं. माझ्याइतक्या जवळून कोणीच पाहिलं नाही, कारण बाकी सगळे भिंतींना होते. आता कोर्टात सांगणार आहेत तसं झालं नाही. ऑरिननं काठी उगारली नाही. व्हर्लनं आधी त्याची कॉलर धरली आणि बुटाच्या टाचेनं त्याच्या त्याच पायावर लाथ घातली, स्टीलची पट्टी आहे तिथं. हाडाचा आवाज आला, ओल्या फांदीसारखा. ऑरिन गुडघ्यावर गेला आणि खालूनच त्यानं काठी फिरवली. एकदाच. कुऱ्हाडीचा दांडा, हरणाच्या कातड्याची मूठ. ती मूठच लागली, उलटी धरली गेली होती म्हणून, डाव्या डोळ्याखाली. जबडा निखळला आणि डोळा, डेला, तू तो नंतर कापसाखाली पाहिलास, मी तो गालावर पाहिला. व्हर्ल पडला नाही. उभाच राहिला आणि उरलेल्या डोळ्यानं ऑरिनकडं बघत निखळलेल्या जबड्यातून कसंबसं पुटपुटला, "आलं म्हणून हाक तरी द्यायचीस."

मग दोन्ही भिंती एकमेकींवर कोसळल्या. लोखंडी खुर्च्या मिटून कुऱ्हाडीसारख्या चालल्या. बास्केटबॉलच्या मास्तरांना बक्षिसांच्या कपाटात ढकललं, काच फुटून त्यांचा दंड कोपरापर्यंत उकलला. पाद्रीबाबा 'मुलांनो' म्हणायला गेले तर त्यांच्या तोंडावर कोणाची तरी कवळी येऊन लागली. केकांचं टेबल उलटलं, आणि हकलबेरीचा रस आणि रक्त यांत फरक कळेना. लोक घसरत होते, घसरलेल्यांना तुडवत होते. खानावळवाल्या वॉल्टची मुलगी केसांना धरून एकीचं डोकं जमिनीवर आपटत होती, आणि ती दुसरी तिची वर्गमैत्रीण होती. आणि बाई हॉल्क्विस्ट कार्डांच्या खोक्यावर पालथ्या पडल्या होत्या, दोन्ही हातांनी खोकं कवळून, ओठ फाटलेला, पाठीवर बूट पडताहेत आणि त्या ओरडताहेत, "हे नको! काही करा, पण हे नको!" डेप्युटीनं छताला गोळी घातली तेव्हा सगळे थांबले. छताचा चुना व्हर्लच्या केसांवर पडला. तो अजून उभाच होता.

सकाळी मी गवताच्या ट्रकवर चढून निघून गेलो. तुला वाटलं असेल, रक्त बघून पळाला, किंवा पाय शिवशिवले नेहमीसारखे. मी बीट काढले, मग एका सर्कशीत तंबू ठोकले (तिथल्या उंटानं मला चावलं, ते पुन्हा कधी तरी), मग इथं. प्रत्येक ठिकाणी बुटातून दोन गोष्टी काढून उशीखाली ठेवल्या आणि सकाळी परत बुटात घातल्या. त्या काय, ते आता सांगतो. सांगायचं नव्हतं म्हणून तर बैल, उंट, बरणी, सगळं सांगून झालं.

कार्डं कमी पडली होती. बाईंनी मला एक कोरं कार्ड देऊन शाळेच्या ऑफिसात पाठवलं, दीडशे प्रती काढ म्हणून. वाटेत मी त्यावर कॉफी सांडली. परत जाऊन सांगायची लाज वाटली. म्हणून कॉम्प्युटरवर बसून मजकूर आठवून पुन्हा टाइप केला. मूळ कार्डावर होतं: 'विमा-बाजार राज्याने स्वतः चालवावा का? हो / नाही.' मला ते फार साधं वाटलं, सरकारी वाटेना. मी लिहिलं: 'विमा-बाजार वॉशिंग्टनने चालवू नये, याला आपला विरोध आहे का? हो / नाही.' माझी छाती फुगली होती, डेला. 'आपला विरोध' मला फार भारदस्त वाटलं. बाईंना मी दाखवलंच नाही; त्या माइक लावत होत्या. उशिरा आलेल्या सगळ्यांना माझी कार्डं गेली. कोणी 'वॉशिंग्टन' आणि 'विरोध' वाचून जोरात 'हो' केलं, व्हर्लसारखं. कोणी सगळं वाक्य नीट वाचून 'नाही' केलं, ऑरिनसारखं. ऑरिन वाचतो ना सगळं, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा. माझ्या एका 'नये'वर त्यांनी एकमेकांना फोडलं. डेप्युटी बाईंना उठवत होता तेव्हा खोकं उघडं होतं. मी त्या दोघांची कार्डं उचलली आणि बुटात घातली. कोणी वाचलं असतं तर माझं नाव निघालं असतं, म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

गसनं मला जॅमची बाटली आणली होती, आपल्याकडच्या पेपरात गुंडाळून. त्या पेपरात बातमी होती: आराखडा मंजूर, वॉशिंग्टननं शिक्का दिला, आपलं राज्य आपला बाजार आपण चालवणार. खाली बारीक अक्षरांत गावोगावची कार्डं. आपल्या गावापुढं एकशे ब्याण्णव. ती एकशे चौऱ्याण्णव होती. म्हणजे दोघांना हवं होतं ते झालं; एक तुरुंगात आहे, एकाला झाड कुठं कलतंय ते आता अर्धंच दिसतं, आणि त्या पानावर त्यांचं मत तेवढं नाही.

कार्डाच्या मागं 'कारण' लिहायला चार ओळी होत्या. मी ती मागची बाजू पहिल्यांदा सर्कशीत वाचली. ऑरिननं लिहिलंय: 'आपली बरणी आपल्या पंपावर. वॉर्शिंग्टनचा हात नको.' व्हर्लनं लिहिलंय: 'आपली बरणी आपल्या पंपावर. वॉर्शिंग्टनचा हात नको.' दोघांनीही 'वॉर्श'च लिहिलंय. सरकारी वकील म्हणतो, ऑरिन विरोधी मताच्या माणसाला धडा शिकवायला काठी घेऊन गेला. या पाकिटात ऑरिनचं कार्ड आहे. ते वकिलाला दे, पण तो म्हणेल, एकट्या कार्डावरून काय सिद्ध होतं? काहीच नाही. ते मला माहीत आहे, म्हणूनच एक पाठवलंय. दुसरं माझ्या बुटात आहे, आणि पहिली लाथ कोणी मारली ते माझ्या तोंडात आहे. ही दोन्ही टपालानं येत नाहीत. तू मला ओळखतेस, मी दोन्ही कार्डं पाठवून दिली असती तर पुढच्या बसनं उलट्या दिशेला गेलो असतो. आता जाता येणार नाही. सहा तारखेला निघतो, आठला उतरेन. आधी व्हर्लच्या दारात जाणार आहे, त्याचं कार्ड त्याला दाखवायला. एका डोळ्यानं वाचवेना तर मी वाचून दाखवीन. तो मारेल. मारू दे. तू फक्त स्टँडवर येऊ नकोस, घरीच थांब, बर्फ काढून ठेव, कानाला लावायला.

तुझाच, ज्यानं आयुष्यात एकच वाक्य भारदस्त लिहिलं, तो
कोल्बी